कच्ची वही फेकू देऊ नका : विज्ञानाच्या अभ्यास मंडळांना ग्योटिंगेनहून एक खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील विद्यापीठांच्या विज्ञान विषयांच्या अभ्यास मंडळांचे सन्माननीय सदस्य,
तसेच विज्ञान महाविद्यालयांचे प्राचार्य, विभागप्रमुख व प्राध्यापक यांस

विषय : प्रात्यक्षिकांच्या जर्नलविषयी

आदरणीय सर, आदरणीय मॅडम,

सविनय नमस्कार.

मी आपल्यापैकीच कोणाच्या तरी हाताखाली शिकलेली विद्यार्थिनी आहे. सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि ऑक्टोबरपासून जर्मनीतल्या ग्योटिंगेन विद्यापीठात एम.एस्सी. करते आहे. इथे येऊन आठ आठवडे झाले. एवढ्या मुक्कामावर एखाद्या देशाविषयी मत बनवू नये, हे मी जाणते आणि या पत्रात तसे मत मांडणारही नाही. परंतु एका बाबतीत मला जे जाणवले ते आताच लिहिले पाहिजे असे वाटते, कारण वर्षभरात मला इथल्या पद्धतीची सवय होऊन जाईल आणि मग आपल्याकडची मुलगी इथे पहिल्यांदा कुठे अडखळते, हे मलाच नेमके आठवणार नाही.

मी अडखळले ती प्रयोगशाळेत. भाषेत थोडी अडखळले, थंडीत थोडी, पण तिथे काय करायचे ते येण्याआधीच दहा जणांनी सांगितले होते. जर्मन व्हिसासाठी वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो आधी दरमहा ठरावीकच रक्कम काढता येणाऱ्या बंद खात्यात ठेवावे लागतात, शहरात पोहोचल्यावर पत्त्याची नोंद करावी लागते, आरोग्य विमा असल्याशिवाय विद्यापीठात नाव दाखल होत नाही, रविवारी दुकाने बंद असतात म्हणून शनिवारीच डाळ-तांदूळ आणून ठेवावे लागतात, हे सगळे मला पाठ होते. प्रयोगशाळेत माझे काय होणार, हे मात्र कोणीच सांगितले नव्हते.

थोडे या गावाविषयी लिहिते, कारण पुढे जे सांगायचे आहे त्याच्याशी त्याचा संबंध आहे. ग्योटिंगेन हे सव्वा लाखाच्या आसपास वस्तीचे शहर आहे, म्हणजे आपल्या मिरजेपेक्षाही लहान. विद्यापीठ १७३७ पासूनचे. जुन्या गावाभोवती मातीचा तट आहे आणि त्यावरून झाडांखालून चालत गावाला पूर्ण प्रदक्षिणा घालता येते. या तटाजवळ गणितज्ञ गाउस आणि भौतिकशास्त्रज्ञ वेबर या दोघांचा पुतळा आहे, गाउस बसलेला आणि वेबर उभा. १८३३ मध्ये या दोघांनी घरांच्या छपरांवरून तार नेऊन वेधशाळा आणि भौतिकशास्त्राची प्रयोगशाळा जोडली आणि तिच्यावरून एकमेकांना विजेने संदेश पाठवले. आपण बी.एस्सी.ला आलेखावर सर्वांत जुळती रेषा काढायला ज्या लघुतम वर्ग पद्धतीचा उपयोग करतो, ती ज्याने मापनातल्या चुकांच्या शास्त्रावर उभी केली, तो हाच गाउस. युरो येण्यापूर्वीच्या दहा मार्कांच्या नोटेवर त्याचे चित्र होते आणि शेजारी चुकांच्या वाटणीची ती घंटेसारखी वक्ररेषा छापलेली होती. एखाद्या देशाने आपल्या चलनी नोटेवर चुकांची वक्ररेषा छापावी, याचे मला येण्यापूर्वी नुसते कौतुक वाटत असे. आता तिचा अर्थ थोडा कळू लागला आहे.

पहिले काही आठवडे नवलातच गेले. वेळापत्रकात दहाची लिहिलेली तासिका सव्वादहाला सुरू होते आणि ती पंधरा मिनिटे कोणी उशिरा आले म्हणून नव्हे, तर शतकांच्या रिवाजाने सोडलेली असतात. तास संपला की विद्यार्थी टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक ठोकतात. दोनशे मुलांनी एकदम बाक ठोकले तेव्हा पहिल्या दिवशी मी दचकून मागे पाहिले होते. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे गेली आणि घरच्या वेळेशी असलेले अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर गेले. आता दुपारी साडेचारला अंधार पडतो आणि आई फोनवर विचारते की अजून दिवस आहे ना तिकडे.

वर्गात जे पाहिले ते याहून महत्त्वाचे आहे. दर आठवड्याला प्रत्येक विषयाचा गणितांचा एक कागद मिळतो, तो सोडवून द्यायचा असतो आणि मग वीस-बावीस जणांच्या लहान वर्गात एकेकाने फळ्यापाशी जाऊन आपले उत्तर समजावून सांगायचे असते. दुसऱ्या आठवड्यात एक मुलगा फळ्यापाशी गेला, अर्धे गणित लिहिले आणि म्हणाला की इथवर माझे बरोबर आहे, पुढची पायरी मला समजलेली नाही. तो खाली बसला नाही, त्याला कोणी बसवलेही नाही. उरलेले सगळे त्या पायरीवर बोलू लागले आणि वीस मिनिटांनी ती सुटली. माझ्या वहीत ते गणित पूर्ण होते, उत्तरही बरोबर होते. परंतु ती पायरी मी एका जुन्या उत्तरपत्रिकेतून जशीच्या तशी घेतली होती आणि ती तशीच का येते, हे त्या मुलाने अडल्याचे सांगेपर्यंत मी स्वतःला विचारलेही नव्हते.

आता प्रयोगशाळेकडे येते.

आमचा पहिला मोठा प्रयोग म्यूऑन या कणाचे आयुर्मान मोजण्याचा होता. अवकाशातून येणारे किरण वातावरणाच्या वरच्या थरांवर आदळले की हे कण तयार होतात. तळहात आडवा धरला तर दर सेकंदाला एखाददुसरा त्यातून आरपार जात असतो. काही थोडे कण आपल्या उपकरणातल्या पदार्थात थांबतात, प्रकाशाचा एक क्षीण झोत देतात आणि सरासरी दोन-सव्वादोन मायक्रोसेकंदांनी विघटित होताना दुसरा झोत देतात. या दोन झोतांमधले अंतर हजारो वेळा मोजायचे आणि त्यावरून आयुर्मान काढायचे. उपकरण शुक्रवारी संध्याकाळी चालू करून सोमवारी सकाळपर्यंत तसेच सोडायचे असते.

सुरुवातीलाच आम्हाला एकेक बांधीव वही देण्यात आली. तिच्या पानांवर छापील क्रमांक होते. प्रयोग चालू असताना जे काही दिसेल, सुचेल, बिघडेल ते या वहीत त्याच वेळी, तारीख आणि वेळ घालून, पेनाने लिहायचे. पेन्सिल आणि खोडरबर वर्ज्य. एखादा आकडा चुकला तर त्यावर एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे खालचा आकडा वाचता येईल, आणि शेजारी का खोडला ते लिहायचे. पान फाडायचे नाही. दिवस संपला की मार्गदर्शक येऊन शेवटच्या ओळीखाली सही करतो. आठवड्याने जो छापील अहवाल द्यायचा, त्याला या सहीच्या पानांच्या प्रती जोडाव्या लागतात आणि हे काम माझे स्वतःचे आहे, दुसऱ्याचे जिथे घेतले तिथे तसे नोंदवले आहे, असे शेवटी लिहून देऊन सही करावी लागते.

आपल्या भाषेत सांगायचे तर ही रफ वही. आपल्याकडे जी आपण फेअर जर्नल झाले की रद्दीत देतो, ती इथे मूळ दस्तऐवज असते.

सर, मॅडम, आपल्याकडचे जर्नल मी आपल्याला काय सांगावे. तरीही सांगते, कारण ते मी तीन वर्षे लिहिले आहे आणि लिहिणाऱ्याच्या बाजूने ते कसे दिसते, हे तपासणाऱ्याच्या बाजूने दिसत नसावे. खाकी कव्हर, आत प्रमाणपत्राचे पान, मग अनुक्रमणिका. उजवीकडच्या रेघांच्या पानावर निळ्या पेनाने उद्देश, साहित्य, सिद्धांत, कृती आणि निष्कर्ष. डावीकडच्या कोऱ्या पानावर पेन्सिलने आकृती, निरीक्षणांचा तक्ता आणि आकडेमोड. सिद्धांत आणि कृती सिनिअरच्या जर्नलमधून उतरवायची, त्या सिनिअरने आपल्या सिनिअरकडून उतरवलेली असते. आमच्या महाविद्यालयात एका प्रयोगाच्या कृतीत ‘सूक्ष्मदर्शी’ऐवजी ‘सूर्यदर्शी’ असा शब्द होता आणि तो आमच्या आधीच्या चार वर्षांच्या जर्नलांत तसाच होता. मीही तो तसाच लिहिला. त्यावर सही झाली.

निरीक्षणांच्या तक्त्याची गोष्ट याहून मनाला लागणारी आहे. न्यूटनची वलये हा प्रयोग आपण सगळ्यांनी केला आहे. सोडियमच्या दिव्याच्या पिवळ्या प्रकाशात भिंगाखाली दिसणाऱ्या वलयांचे व्यास चल सूक्ष्मदर्शीने मोजायचे आणि त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. उत्तर ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवे, हे प्रयोगाआधीच सर्वांना ठाऊक असते. माझे उत्तर ६२४० च्या जवळपास आले. मी पुन्हा मोजले, पुन्हा तेवढेच आले. तासिका संपायला वीस मिनिटे होती, मागे पुढची बॅच उभी होती. शेजारच्या मैत्रिणीने मला रीडिंग कसे बसवायचे ते दाखवले. ५८९३ वरून उलटे गणित करायचे, व्यासांचे वर्ग काढायचे, त्यांवरून सूक्ष्मदर्शीच्या मापनपट्टीवरचे आकडे काढायचे आणि मग तक्ता खरा वाटावा म्हणून दोन-तीन आकडे थोडे इकडेतिकडे करायचे. माझे उत्तर ५९०१ आले. मला दहापैकी नऊ गुण मिळाले.

पुढे काही महिन्यांनी आमच्या प्रयोगशाळेतल्या परिचर काकांनी बोलता बोलता एका मुलाला सांगितले की तीन नंबरचा मायक्रोस्कोप घेऊ नकोस, त्याचा स्क्रू ढिला आहे, उलटा फिरवला की चकवतो. मी तीन नंबरचाच घेतला होता. म्हणजे माझे ६२४० हे बिघडलेल्या उपकरणाने दिलेले अगदी खरे निरीक्षण होते. ते मला त्या स्क्रूविषयी सांगत होते. स्क्रू एकाच दिशेने फिरवत मोजायचे असते, हे प्रत्येक पुस्तकात लिहिलेले असते आणि ते का लिहिलेले असते हे शिकण्याची तीन वर्षांतली ती एकमेव संधी मी वीस मिनिटांत खोडरबराने पुसून टाकली. काकांना ठाऊक होते, सरांनाही ठाऊक असणार. कोणी लपवले नव्हते. परंतु आमच्या जर्नलात ही माहिती लिहायला जागाच नव्हती, कारण निष्कर्षापुढे छापील उत्तराच्या जवळचा आकडा सोडून दुसरे काही लिहायचे असते, हे आम्हाला कधी कोणी सांगितले नाही.

हा दोष शिक्षकांचा आहे, असे मला म्हणायचे नाही, आणि या पत्राचा असा अर्थ कोणी काढला तर मला फार वाईट वाटेल. वीस-पंचवीस मुलांची बॅच, प्रत्येक उपकरणाचे एक-दोन नग, त्यांतला एखादा दुरुस्तीला गेलेला, मंजूर जागा रिकाम्या आणि तासिका तत्त्वावर आलेले सर एका गावाहून दुसऱ्या गावाला एसटीने जाणारे. सत्राच्या शेवटी ठरलेले सगळे प्रयोग झाल्याचे प्रमाणपत्र नसेल तर मुलीला परीक्षेला बसता येत नाही, मग तिचे जर्नल पूर्ण करून घेणे हेच शिक्षकाचे तिच्यावरचे उपकार ठरतात. आम्हाला जिवापाड शिकवणारे शिक्षक लाभले. त्यांतल्या एका मॅडम आलेख पाहून हसून विचारत, ‘हे आलं की आणलं?’ आम्हीही हसत असू. तो प्रश्न किती खोल होता, हे कळायला मला इतक्या दूर यावे लागले.

तर म्यूऑनच्या प्रयोगाच्या त्या सोमवारी सकाळी आम्ही उपकरण बंद केले. मोजलेल्या वेळांची साठ कप्प्यांत विभागणी केली, आलेख काढला आणि संगणकाकडून वक्ररेषा जुळवून घेतली. साठांपैकी तीन बिंदू रेषेपासून दूर होते. मी कोणालाही न विचारता ते तीन बिंदू वगळले. त्यात काही चूक आहे असे माझ्या मनातही आले नाही. आलेख स्वच्छ करायचा असतो, असेच माझा हात शिकलेला होता. तरीही आयुर्मान २.११ मायक्रोसेकंद आले, अधिक-उणे ०.०३. पुस्तकातला आकडा २.१९७ आहे. माझ्या जोडीदाराने अहवालाला सुरुवात केली होती आणि मी मात्र रेषा जुळवायला कितव्या कप्प्यापासून सुरुवात केली की २.१९ येईल, ते एकेक कप्पा बदलून पाहत बसले होते.

मार्गदर्शक आले, त्यांनी आलेख पाहिला, मग बिंदू मोजले. सत्तावन्नच का, असे विचारले. मी म्हणाले की तीन बसत नव्हते. ते रागावले नाहीत. त्यांनी एवढेच विचारले की ते का बसत नव्हते, याचे काही कारण वहीत नोंदलेले आहे का. नव्हते. मग त्यांनी शेजारची खुर्ची ओढून घेतली आणि एका कागदावर दाखवले की साठ बिंदूंची मोजणी प्रामाणिक असेल, तर त्यांपैकी साधारण एक तृतीयांश बिंदू वक्ररेषेपासून आपापल्या अनिश्चिततेच्या, म्हणजे मापनात अपेक्षित असलेल्या कमीअधिक फरकाच्या, मर्यादेबाहेर पडलेच पाहिजेत. वीसच्या आसपास बाहेर असणे हेच निरोगी लक्षण, आणि सगळे रेषेवर असतील तर काळजीचे. तीन वर्षांत माझ्या प्रत्येक आलेखातले सगळे बिंदू रेषेवर होते.

मग ते २.११ कडे वळले. फरक अनिश्चिततेच्या जवळजवळ तिप्पट आहे, म्हणजे तो नुसत्या योगायोगाने आलेला नसावा, तेव्हा त्याला कारण असणार, ते शोधा, असे सांगून ते निघून गेले. शोधायला आम्हाला दोन दिवस लागले. म्यूऑन दोन प्रकारचे असतात, धन आणि ऋण. पदार्थात थांबलेला धन म्यूऑन आपले पूर्ण आयुष्य जगतो. ऋण म्यूऑनला अणूचे केंद्रक ओढून घेते आणि काही कण विघटनाआधीच केंद्रकात शोषले जातात. आमच्या उपकरणातल्या पदार्थात कार्बन असल्याने ऋण म्यूऑनांचे सरासरी आयुष्य दोन मायक्रोसेकंदांच्या थोडेच वर भरते. दोन्हींची सरमिसळ मोजली की २.१९७ पेक्षा कमी आकडा येतो आणि तो आमच्या आकड्याशी जुळतो. ज्या फरकाला मी पुसून टाकायला निघाले होते, त्यात केंद्रकाचा एक अख्खा व्यवहार दडलेला होता. अहवालात आम्ही २.११ च ठेवले, तीन बिंदू परत घेतले आणि ते आधी वगळले होते हेही लिहिले.

त्या रात्री मी घरी फोन केला नाही. सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड आणि तीन नंबरचा मायक्रोस्कोप डोळ्यांपुढून हलेना.

आपल्यापैकी कोणी म्हणेल की ही त्यांची संस्कृती, आपल्याला ती परवडायची नाही. याच गावात मला याचे उत्तर मिळाले आणि ते पुण्याचे आहे. फ्रांत्स कीलहॉर्न हे संस्कृतचे पंडित १८६६ पासून पंधरा वर्षे पुण्याच्या डेक्कन कॉलेजात होते आणि नंतर अखेरपर्यंत ग्योटिंगेन विद्यापीठात संस्कृतचे प्राध्यापक होते. पतंजलीच्या महाभाष्याची हस्तलिखिते ताडून सिद्ध केलेली त्यांची आवृत्ती मुंबईहून प्रसिद्ध झाली. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना १८८५ मध्ये डॉक्टरेट दिली ती याच विद्यापीठाने. आणि भांडारकरांच्या नावाने पुण्यात उभ्या राहिलेल्या संस्थेने १९१९ पासून १९६६ पर्यंत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. १२५९ हस्तलिखिते तपासली गेली. विष्णु सीताराम सुकथनकरांनी त्या कामाला जी शिस्त लावली, तिच्यात न पटलेला पाठ फेकून दिला जात नसे. वर संपादकाने स्वीकारलेला श्लोक आणि खाली, कोणत्या पोथीत काय वेगळे आहे त्याची बारीक टाइपात संपूर्ण नोंद. उद्या दुसऱ्या कोणाला संपादकाचा निर्णय चुकीचा वाटला, तर त्याला लागणारे सगळे पाठभेद त्याच पानावर हजर असतात.

माझ्या क्रमांकांच्या वहीतली एका रेघेने खोडलेली, तरी वाचता येणारी ओळ म्हणजे पाठभेदच आहे. ही शिस्त आपल्याकडे पुण्यात जवळजवळ अर्धे शतक पाळली गेली, तीही विजेचे दिवे आणि छापखान्याचे खिळे यांच्या भरवशावर. ती संस्कृतच्या पोथ्यांना लावता आली, मग आपल्या बी.एस्सी.च्या मुलामुलींच्या जर्नलाला का लावता येऊ नये?

या गावाची मी आरती ओवाळते आहे, असेही कोणी समजू नये. १९३३ मध्ये याच विद्यापीठातून भौतिकशास्त्रज्ञ माक्स बोर्न, गणितज्ञ एमी न्योथर आणि रिखार्ड कूरांट यांना ते ज्यू म्हणून पदांवरून दूर करण्यात आले आणि जेम्स फ्रांक यांनी निषेध म्हणून स्वतः राजीनामा दिला. ज्यांच्या नावाचा फ्रांक-हर्ट्झ प्रयोग आपल्या प्रयोगशाळांमध्ये आजही होतो, ते हेच फ्रांक. गणितातले आणि भौतिकशास्त्रातले जगातले पहिल्या क्रमांकाचे हे केंद्र एका उन्हाळ्यात रिकामे झाले. आज गावातल्या फुटपाथांवर घरांसमोर पितळी पत्र्याचे लहान चौकोन बसवलेले दिसतात आणि त्यांवर त्या घरातून नेल्या गेलेल्या माणसांची नावे, जन्मवर्षे आणि पुढे काय झाले ते कोरलेले असते. बाजारात जाताना मी ते वाचते. चुकलेले पानही त्यांनी फाडलेले नाही.

आता विनंतीकडे येते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० च्या निमित्ताने आपले अभ्यासक्रम सध्या नव्याने लिहिले जात आहेत, श्रेयांक ठरत आहेत, प्रात्यक्षिकांच्या याद्या बदलत आहेत. आपण टेबलाभोवती बसलेले असताना ही गोष्ट आपल्यापुढे असावी, म्हणून हे पत्र.

निरीक्षणे त्याच दिवशी पेनाने लिहिली जावीत आणि विद्यार्थी प्रयोगशाळेतून बाहेर पडण्याआधी शिक्षकांची तारखेसह सही त्या कच्च्या पानावर व्हावी. हे मी सर्वांत आधी मागते, कारण याला एक पैसाही लागत नाही आणि यासाठी कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. परीक्षेला प्रमाणित जर्नल म्हणून हीच वही धरली जावी. सिद्धांत आणि कृती हाताने उतरवून घेणे बंद करावे, ती छापून वाटावीत. त्यात वाचणारे तास विद्यार्थ्याने निष्कर्षावर एक पान स्वतःच्या शब्दांत, हवे तर मराठीत, लिहिण्यासाठी द्यावेत. प्रयोगांची संख्या कमी करावी. बारा प्रयोग एकेकदा उरकण्यापेक्षा सहा प्रयोग दोनदा करू द्यावेत, म्हणजे पहिल्या वेळी आलेला चमत्कारिक आकडा दुसऱ्या वेळी तपासता येईल. आणि गुणांच्या तक्त्यातून छापील उत्तराच्या जवळ येण्याचे गुण काढून टाकून ते अनिश्चितता किती आणि ती का, हे सांगण्याला द्यावेत. ज्या दिवशी ६२४० ला गुण मिळतील, त्या दिवशी ५९०१ कोणी बनवणार नाही.

बाह्य परीक्षकांनाही माझी विनंती आहे. तोंडी परीक्षेत व्याख्या विचारण्याऐवजी वहीतल्या एखाद्या खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून हे का खोडले, एवढे विचारावे. ज्याने प्रयोग केला आहे तो पाच मिनिटे बोलेल.

आणखी एक गोष्ट, प्रात्यक्षिकाबाहेरची, पण याच जातीची. इथे लेखी परीक्षेचा निकाल लागला की एक दिवस ठरवून दिला जातो आणि त्या दिवशी प्रत्येक विद्यार्थ्याला आपली तपासलेली उत्तरपत्रिका बसून पाहता येते, गुण का कापले ते विचारता येते. त्यासाठी शुल्क नाही. आपल्याकडे छायांकित प्रतीसाठी अर्ज, शुल्क, मुदत यांतून जावे लागते आणि त्या वाटेने बहुधा तोच जातो ज्याला एका गुणाने नापास केलेले असते. मी तीन वर्षांत माझी विद्यापीठाची एकही उत्तरपत्रिका पाहिली नाही. कुठे चुकले, हे मला आजवर ठाऊक नाही. निदान स्वायत्त महाविद्यालयांना तरी असा एक दिवस ठेवणे अवघड नाही.

मला कल्पना आहे की रिकाम्या जागा भरल्याशिवाय आणि उपकरणे दुरुस्त झाल्याशिवाय यातले बरेचसे कागदावरच राहील. त्या जागा शासनाने भराव्यात म्हणून आपण किती वर्षे मागणी करत आहात, हे आम्ही विद्यार्थ्यांनी पाहिले आहे आणि त्या मागणीत आम्ही आपल्यासोबत आहोत. परंतु तीन नंबरचा मायक्रोस्कोप दुरुस्त होईपर्यंत त्याच्यावर ‘स्क्रू ढिला, एकाच दिशेने फिरवा’ अशी चिठ्ठी चिकटवता येते आणि विद्यार्थ्याला सांगता येते की याच्यावर किती चूक येते ते मोजून दाखव. बिघडलेल्या उपकरणावरचा तो प्रयोग चांगल्या उपकरणावरच्या प्रयोगापेक्षा कदाचित अधिक शिकवून जाईल.

आमच्या प्रयोगशाळेतल्या काकांना हे पत्र कोणी वाचून दाखवले तर मला आनंद होईल. त्यांना प्रत्येक उपकरणाची खोड ठाऊक आहे. त्यांच्याकडून ती ऐकून एका वहीत नोंदवून ठेवावी आणि ती वही प्रयोगशाळेच्या दाराशी टांगावी, एवढे तर येत्या सत्रातच होऊ शकेल.

माझ्या वहीची म्यूऑनच्या प्रयोगाची अकरा पाने मी उतरवून ठेवली आहेत, खोडलेल्या ओळींसकट, आणि वगळलेल्या तीन बिंदूंच्या पानासकट. ज्या कोणा शिक्षकांना वर्गात दाखवण्यासाठी ती हवी असतील, त्यांना मी मराठीत टिपणे लिहून पाठवीन. पुढचा प्रयोग जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात आहे, फ्रांक-हर्ट्झचा. तो मी आपल्याकडेही केला होता आणि त्यातले माझे उत्तर अगदी बरोबर आले होते. यावेळी काय येते ते पाहून त्याचीही पाने पाठवीन.

आपली विद्यार्थिनी,
ग्योटिंगेन, डिसेंबर